दुखत नाही ना, मग राहू दे

"डॉक्टरांना सांगा, दाढ थांबली. आता यायची गरज नाही." सकाळच्या पहिल्या पेशंटचा फोन. रिसेप्शनवरच्या मुलीनं निरोप घेतला, वहीतलं नाव खोडलं आणि पुढच्या माणसाला आत पाठवलं. दातांच्या दवाखान्यात हे रोजचंच. तरी हा निरोप डोक्यातून जात नाही, कारण त्यातला आनंद अगदी खरा असतो. रात्र रात्र उशाशी थंड पाण्याची बाटली घेऊन बसलेला माणूस एका रात्री गाढ झोपतो, सकाळी उठून चहा पितो, काही होत नाही, आणि पहिलं काम म्हणून अपॉइंटमेंट रद्द करतो. त्याच्या जागी दुसऱ्या कुणीही हेच केलं असतं. ताप उतरला की बरं वाटतं, सूज ओसरली की मुरगळलेला पाय टेकवता येतो. दुखणं गेलं म्हणजे आजार गेला, हा हिशेब आपण लहानपणीच शिकतो आणि बाकी शरीरात तो बहुतेक वेळा जुळतोही. तोंडात मात्र तो पुष्कळदा उलटा येतो. दवाखान्यात विचारल्या जाणाऱ्या निम्म्याअधिक प्रश्नांच्या तळाशी हा उलटा हिशेबच असतो.

दाताचं बाहेरचं कवच म्हणजे इनॅमल. वजनानं पाहिलं तर त्याचा सुमारे 96 टक्के भाग नुसतं खनिज. त्यात रक्तवाहिनी नाही, नस नाही. त्यामुळे कीड कवचात असते तोवर माणसाला पत्ताच लागत नाही; आधी खडूसारखा पांढरा ठिपका, मग तपकिरी रेघ, मग अन्न अडकायला लागतं एवढंच. मोठ्या माणसात हा प्रवास काही वर्षंसुद्धा चालतो. कवच संपलं की आतला थर, डेंटीन. त्यात हजारो बारीक नळ्या असतात आणि नळ्यांत द्रव. थंड पाणी, आइस्क्रीम, पेढा लागला की तो द्रव हलतो आणि नसेपर्यंत सणकन कळ जाते. पाणी गिळलं, कळ गेली. खरं तर यायची वेळ हीच. या टप्प्यावर किडलेला भाग कोरून सिमेंट भरलं की बहुतेक वेळा एका बैठकीत काम होतं आणि खर्चही सगळ्यात कमी. पण कळ दोन सेकंदांत जाते ना! मग माणूस त्या बाजूनं चावणं सोडतो, पाणी दुसऱ्या गालात धरायला शिकतो. "थंड प्यायलं तरच लागतं डॉक्टर, एरवी काही नाही." हे सांगताना सूर असा, जणू दातानं बरंच सांभाळून घेतलंय.

मग कीड नसेपर्यंत पोचते. बोटाला सूज आली तर कातडी ताणते, जागा होते. दाताच्या आतल्या गाभ्याला सुजायला जागाच नसते. चारी बाजूंनी टणक भिंती. सूज वाढली की दाब नसेवर. आडवं झालं की डोक्याकडचा रक्ताचा दाब वाढतो, म्हणून दिवसा सोसवणारी ठसठस रात्री उशीवर डोकं टेकताच ठणका होते. "रात्रीच का दुखतं?" याचं उत्तर हे. गरम चहानं भडकतं, गार पाण्याच्या घोटानं क्षणभर शांत होतं, आणि दुखणारी दाढ नेमकी वरची की खालची हेही सांगता येत नाही. कानात, कानशिलात, कधी मानेपर्यंत कळ जाते. असे काही दिवस गेले की आतली नस मरते.

आणि दाढ थांबते.

मेलेली नस दुखत नाही, त्यातले जंतू मात्र जिवंत असतात, आणि आता त्यांना अडवायला रक्त येत नाही. ते मुळाच्या टोकाच्या बारीक छिद्रातून हाडात उतरतात. काही आठवड्यांनी, काही महिन्यांनी दाढ 'उंच' वाटायला लागते, चावलं की लागते, हिरडीवर फोड येतो, फुटतो, खारट पू येतो, पुन्हा बसतो. फोड फुटला की दाब कमी होतो, म्हणून परत बरं वाटतं. काहींचा असा फोड वर्षानुवर्षं येतो-जातो आणि एक्सरेवर मुळाच्या टोकाशी हाड विरघळलेला काळा गोल दिसतो. मधल्या काळात मेडिकलमधून आणलेली अँटिबायोटिकची पट्टी झालेली असते. ती का लागू पडली नाही? कारण औषध रक्तातून जातं, आणि मेलेल्या नसेत रक्त पोचत नाही. भोवतालची सूज गोळीनं ओसरते. उगम जागच्या जागी राहतो. चेहऱ्यावर सूज, ताप, तोंड उघडेनासं होणं, गिळायला त्रास, असं काही असेल तर औषध लागतंच आणि तेही तातडीनं. पण ते दात साफ करण्याच्या जोडीला, त्याच्या ऐवजी नव्हे. लवंगेचंही तसंच. लवंगेच्या तेलातलं युजेनॉल नस खरोखर शांत करतं. दवाखान्यातल्या काही तात्पुरत्या सिमेंटमध्येही तेच असतं. पण कापसाचा बोळा खड्ड्यात ठेवायचा सोडून हिरडीला तेल चोळलं की ती भाजते. अ‍ॅस्पिरिनची गोळी दाढेशेजारी गालात दाबून ठेवणारे तर गालाला पांढरा चट्टा पाडूनच येतात, आणि मग दाढेपेक्षा गालच जास्त दुखत असतो.

"इंजेक्शन देऊनही दुखलं" ही तक्रार खोटी नसते, हे आम्ही डॉक्टरांनी मोकळेपणानं मान्य करायला हवं. सुजलेल्या, पू झालेल्या जागेतलं आम्लाचं प्रमाण वाढलेलं असतं, आणि तिथं लिग्नोकेनचा, म्हणजे बधिर करणाऱ्या औषधाचा, फारच थोडा भाग नसेच्या आवरणातून आत जाऊ शकतो. म्हणून पेटलेल्या दाढेला भूल नीट चढत नाही. दुसऱ्या जागी, कधी थेट नसेत इंजेक्शन द्यावं लागतं, जास्त थांबावं लागतं. ज्याला रूट कॅनल म्हणजे यातना वाटतात, तो बहुतेक वेळा अशा पेटलेल्या दिवशीच येऊन गेलेला असतो. तीच दाढ महिनाभर आधी आली असती तर खुर्चीत झोप लागली असती, इतका फरक.

रूट कॅनलमध्ये 'नस काढतात' एवढंच सगळ्यांना माहीत असतं. दाताभोवती रबराचा पडदा ताणून बसवतात, म्हणजे लाळ आत जात नाही आणि औषध घशात जात नाही. दाढेच्या माथ्यावरून भोक पाडून आतल्या वाटा शोधायच्या. पुढच्या दाताला साधारण एक वाट, खालच्या पहिल्या मोठ्या दाढेला तीन किंवा चार, वरच्या पहिल्या मोठ्या दाढेला मुळं तीन पण वाटा पुष्कळदा चार, आणि ती चौथी इतकी बारीक की चुकून राहिली तर दोन-चार वर्षांनी तीच दाढ परत दुखते. मुळाची लांबी यंत्रानं आणि एक्सरेनं मोजायची. एखादा मिलिमीटर कमी पडला तर जंतू मागे राहतात, पुढे गेलं तर टोकाबाहेरचं हाड दुखावतं. मग पातळ फायलींनी, म्हणजे कानशीसारख्या खरबरीत सुयांनी, वाट रुंद करत, दर फायलीनंतर सोडियम हायपोक्लोराइटनं धुवायचं. क्लिनिकमध्ये येणारा तो स्विमिंग पूलसारखा वास त्याचाच. फायल फक्त वाट करते, जंतू मारायचं काम या धुण्याचं. शेवटी गटापर्चाच्या गुलाबी काड्या सिमेंटसह ठोसून वाट बंद. गटापर्चा हा मलाय भागातल्या एका झाडाचा चीक. एका बैठकीत करायचं की तीन, हा प्रश्न पेशंट किमतीच्या अंगानं विचारतात. पू वाहत असेल, तर आत कॅल्शियम हायड्रॉक्साइडचं औषध भरून आठवडाभर थांबणं शहाणपणाचं. नस नुकतीच सुजलेली असेल, तर एका बैठकीत करायला काही हरकत नाही.

खरी गोची पुढे. पहिल्या बैठकीतच ठणका जातो, आणि पेशंटही. आत कापसाचा बोळा आणि वर पांढरं तात्पुरतं सिमेंट असतं; ते काही आठवड्यांसाठी बनवलेलं, काही महिन्यांसाठी नाही. ते झिजतं, कडेनं लाळ झिरपते आणि सगळी मेहनत पाण्यात. जे वाटा बंद करून घेतात त्यातलेही बरेच कॅपपाशी थांबतात. "नस काढली, दुखत नाही, आता कॅप कशाला? बिल वाढवायला?" संशय अगदीच निराधार नसतो, प्रत्येक धंद्यात असतात तसे लोक याही धंद्यात आहेत. पण कारण साधं आहे. कीड आणि कोरकाम मिळून दाढेचा मधला भाग गेलेला असतो, दाढेच्या दोन्ही बाजूंना जोडून ठेवणाऱ्या कडा गेलेल्या असतात, उरतात गालाकडची आणि जिभेकडची अशा दोन उभ्या भिंती. चावताना त्या एकमेकींपासून फाकतात. एक दिवस फुटाणा किंवा मटणातलं हाड येतं आणि कट्! भिंत हिरडीच्या वर तुटली तर वाचवता येते. चीर सरळ मुळातून खाली गेली तर दाढ काढण्याशिवाय इलाज नाही. आणि दाढेत नस नसल्यानं ती चीर पडल्याचं कळतही नाही, मुळाशी पू होईपर्यंत. पुढच्या दाताला, बरंचसं इनॅमल शाबूत असेल, तर नुसतं सिमेंटही चालून जातं. तिथं कॅपचा आग्रह धरला तर कारण जरूर विचारावं.

हिरड्यांचा हिशेब आणखी उलटा. ब्रश केला की रक्त येतं, म्हणून माणूस त्या जागी ब्रश करणं सोडतो. रक्त येतं ते ब्रशमुळे नाही. दात आणि हिरडीच्या सांध्यात साचलेल्या थरानं हिरडी सुजलेली असते म्हणून. तिथंच मऊ ब्रश, पंचेचाळीस अंशात हिरडीकडे झुकवून, हलक्या हातानं रोज फिरवला तर साध्या सुजेचं रक्त आठवड्या-दोन आठवड्यांत थांबतं. नाही थांबलं तर खाली कीटण आहे असं समजावं. कीटण सगळ्यात जास्त कुठं साचतं? खालच्या पुढच्या दातांच्या जिभेकडच्या बाजूला आणि वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूला, कारण लाळेच्या ग्रंथींची तोंडं नेमकी तिथं उघडतात आणि लाळेतल्या खनिजानं थर दगडासारखा होतो. तो ब्रशनं निघत नाही, मिठानं नाही, राखेनं नाही, लिंबू-सोड्यानं तर नाहीच. लिंबू फक्त दात विरघळवतं.

मग क्लिनिंग. "दात हलायला लागतील", "फटी पडतात", "वरचा थर निघून जातो". क्लिनिंगच्या यंत्राचं, स्केलरचं, टोक सेकंदाला वीस-तीस हजार वेळा थरथरतं, त्यावर पाण्याचा फवारा असतो, ते कीटण तडकवून काढतं. नीट वापरलं तर दात तासत नाही. पण फटी दिसतात, हे खरंय! वर्षानुवर्षं कीटणाखाली हाड झिजत गेलेलं असतं, हिरडी खाली उतरलेली असते, आणि ती रिकामी जागा कीटणानं भरून काढलेली असते. वाळवीनं पोखरलेला खांब तिच्याच मातीनं उभा दिसतो, म्हणून ती माती खरवडू नका म्हणण्यासारखं हे आहे. कीटण निघालं की जीभ दिवसभर त्या नव्या फटींत जाते, थंड पाणी झोंबतं, हलणारा दात हलतोय हे कळतं. झोंबणं काही दिवसांत कमी होतं. पण आधी हे कुणी सांगितलेलं नसतं, आणि माणूस शेजाऱ्याला सांगतो की चांगले दात बिघडवून ठेवले. यात दोष कुणाचा? तोंडात आरसा, गालात कापूस, वर पाणी ओढणारी नळी घुरघुरतेय, अशा वेळी आपण समजावून सांगितलं असं डॉक्टर समजतात. उपचाराआधी हातात आरसा देऊन दोन मिनिटं दाखवलं असतं तर पुष्कळ भांडणं वाचली असती.

जोर लावून घासणाऱ्यांचं दुखणं वेगळंच. दाताच्या मानेशी इंग्रजी व्हीसारखी खाच पडते. उजव्या हातानं ब्रश करणाऱ्याची ती बहुधा डाव्या सुळ्याजवळ जास्त खोल असते, कारण ब्रशचा पहिला, ताजा जोर तिथं पडतो. खाच बघून हात ओळखता येतो, हा या कामातला एक छोटासा आनंद.

वरची दाढ काढली की नजर जाते, हे अजूनही सुशिक्षित घरांत ऐकू येतं. वरच्या दातांची नस पाचव्या क्रमांकाच्या मज्जातंतूची मधली फांदी. दृष्टीचा मज्जातंतू दुसऱ्या क्रमांकाचा, त्याचा दातांशी संबंध नाही. दात काढायची वेळ आणि चष्मा लागायची वेळ पुष्कळांच्या आयुष्यात एकच असते, एवढंच. दातांच्या छोट्या एक्सरेची भीतीही अशीच. त्याचा डोस आपल्याला एका दिवसात निसर्गातून आपोआप मिळणाऱ्या किरणांहून कमी असतो.

मुलांच्या बाबतीत आईबापांचा हिशेब असा: दुधाचे दात पडणारच आहेत, मग त्यावर खर्च कशाला? पुढचे पडतात सहा-सात वर्षांचे असताना, पण दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहायच्या असतात. पाचव्या वर्षी किडून काढली तर मागची दाढ पुढे सरकते, खालून येणाऱ्या दाताला जागा राहत नाही, आणि पुढे तारांचा खर्च येतो. पण याहून मोठी चूक सहाव्या वर्षी होते. त्या सुमारास सगळ्यात मागे, दुधाच्या दाढांच्या पाठीमागे, एक दाढ गुपचूप येते. कुठलाही दात न पडता येते, म्हणून घरात ती दुधाचीच समजतात. ती कायमची असते. जन्मभर चावण्याचा मोठा भार तिच्यावर, माथ्यावर खोल भेगा, आणि मुलाचा ब्रश तिथवर पोचत नाही. नवव्या-दहाव्या वर्षी तिचं रूट कॅनल करायची वेळ आली की आई म्हणते, "पण ही पडणारच होती ना?" तेव्हा उत्तर देणं जड जातं. पाचव्या-सहाव्या दातापर्यंत मोजायची गरज नाही. सहा वर्षांच्या मुलाचं तोंड उजेडात उघडून सगळ्यात मागची दाढ पाहा. भेगा खोल असतील तर त्या सीलंटच्या पातळ लेपानं बुजवता येतात, भूल लागत नाही, कोरावं लागत नाही. आणि रात्री झोपण्यापूर्वीचा ब्रश पालकानं स्वतःच्या हातानं करावा. मूल सात-आठ वर्षांचं होईपर्यंत त्याच्या हाताला तेवढं वळण नसतं.

आता ज्या प्रश्नासाठी कुणीच येत नाही, तो. खालच्या ओठाच्या आत, जिथं तंबाखू-चुन्याची गोळी ठेवतात, तिथं पांढरा, सुरकुतलेला चट्टा. किंवा रोज मशेरी लावणाऱ्या आजींच्या गालात. पेशंट आलेला असतो दुसऱ्याच दाढेसाठी, चट्टा दाखवला की म्हणतो, "तो कधीचा आहे. दुखत नाही." जेवताना झोंबणारा, शिवू न देणारा तोंडातला फोड बहुतेक वेळा आठवड्या-दहा दिवसांत आपोआप बरा होतो. दोन आठवडे उलटूनही न भरणारी जखम, बोटानं पुसून न जाणारा पांढरा चट्टा, त्याहून जास्त काळजीचा लाल मखमली चट्टा, हाताला लागणारा कडकपणा: यातलं काहीही, दुखत नसलं तरी, किंबहुना दुखत नसलं म्हणूनच, दाखवायला हवं. धारदार दात घासून जखम झाली असेल तर धार मोडल्यावर ती दोन आठवड्यांत भरली पाहिजे. नाही भरली तर थांबायचं नाही. सुपारी-गुटखा खाणाऱ्यांनी आणखी एक पाहावं: आपलीच तीन बोटं एकावर एक धरून वरच्या-खालच्या दातांमध्ये जातात का. आधी तिखट झोंबायला लागतं, मग गाल आतून ताठ होतो, मग तीनाची दोन बोटं होतात. महाराष्ट्रात 2012 मध्ये गुटख्यावर बंदी आली. दोन बोटांवर आलेली विशी-पंचविशीतली मुलं आजही येतात. तंबाखू सोडली तर पांढरे चट्टे पुष्कळदा ओसरतात. सुपारीनं ताठ झालेला गाल सोडल्यावर आणखी बिघडणं कमी होतं, पण पूर्ववत मऊ होत नाही. तोंड उघडण्याचे व्यायाम, इंजेक्शनं, कधी ऑपरेशन.

कॅन्सर नाही ना हे पाहायला चट्ट्याचा तुकडा तपासायला पाठवू म्हटलं की ठरलेला प्रश्न येतो: "सुरी लागली की पसरतं म्हणतात ना?" पसरत नाही. जागा बधिर करून जेमतेम पाच-सहा मिलिमीटरचा तुकडा, एक-दोन टाके, मोबाईल पाहत बसण्याएवढा वेळ. लोक त्या वाक्यामागे वर्षभर लपतात, आणि त्या वर्षात जे काही पसरायचं ते सुरीशिवायच पसरतं. सरकारी दंत महाविद्यालयात हे फार थोड्या पैशांत होतं. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथं जाता येण्यासारखं असेल त्यानं खर्चासाठी अडून बसू नये. येताना चालू गोळ्यांची पाकिटं आणावीत. रक्त पातळ करणारी गोळी आपल्या मनानं बंद करू नये, आणि पोटभर खाऊन यावं, उपाशी आलेला माणूस सुईआधीच चक्कर येऊन पडतो. रिपोर्ट न्यायला घरचं दुसरं कुणी आलं तर चालेल का, असंही विचारतात. टाके काढायचे असतात. पेशंटलाच यावं लागतं.